सातही जणांना नरच हवा

मुरबाडच्या जनावरांच्या दवाखान्यात पट्टी बांधणारे ते गृहस्थ माणसांशी बोलत नाहीत. सांगायचं ते जनावराला सांगतात. मालकाने बाजूला उभं राहून ऐकायचं.

आमच्या सोनी कुत्रीला एकदा तरी पिल्लं व्हावीत, असं माझं मत. बायकोला तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून हवं होतं. पिल्लं मागणाऱ्या सात जणांची यादी मी ऐटीत त्या गृहस्थांपुढे धरली.

ती वाचून त्यांनी सोनीला विचारलं, "काय गो, यात मादी कोणालाच नाय पायजे?"

खरंच, सातही नावांपुढे मीच 'नर' लिहिलं होतं.

त्यांनी मागच्या दारी जाऊन डबा वाजवला. पाच कुत्र्या धावत आल्या. सगळ्या लहानपणीच, मादी म्हणून, दवाखान्याच्या फाटकाशी सोडून दिलेल्या. स्वतःची भाकरी त्यांनी पाचजणींत वाटली.

मी ऑपरेशनच्या कागदावर सही केली.

दहाव्या दिवशी टाके निघताच सोनी माझी चप्पल तोंडात धरून दवाखान्याच्या अंगणभर उधळली. मागे मी, अनवाणी. तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

"तुमी शाने निघालात," ते म्हणाले.

घरी हे मी बायकोला तीनदा ऐकवलं. चौथ्यांदा ती सोनीकडे वळून म्हणाली, "यांना सांग गं, मी दोन वर्षं ऑपरेशनचंच म्हणत होते."