अण्णांच्या पेशी

फोन आला तेव्हा मी बारामतीच्या घरी मेथी निवडत बसले होते. माहेराहून, निरवांगीहून भाचा बोलत होता, "आत्या, रगताची उलटी झाली... आण्णा गेलं." पुढचं मला ऐकूच आलं नाही. माझा मोठा भाऊ, डाळिंबाच्या बागेत उभा जन्म काढलेला माणूस, महिन्याभरापूर्वी याच घरात बसून माझ्या चहाला नावं ठेवून गेला होता.

अण्णांचं यकृत बऱ्याच वर्षांपासून खराब होत चाललं होतं. दारूला कधी शिवले नाहीत, तरी लोक नजरेनं विचारायचेच. मग अण्णाच म्हणायचे, "थेंब न्हाय घेतला, उगं बदनाम झालो. आधी ठावं असतं तर घेतली तरी असती!" त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं होतं. काविळीचा एक प्रकार, आईकडून पोरांत उतरणारा. भावंडांनीही रक्त तपासून घ्या, असं त्या म्हणाल्या होत्या, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष अण्णांकडे, ते राहूनच गेलं.

घोळ झाला तो पेशींचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचा. मागं गावात डेंग्यूची साथ आली, तेव्हापासून हा शब्द आमच्याकडे लहानथोरांच्या तोंडी बसला आहे. पेशी कमी म्हणजे मरण, आणि वाढवायच्या तर पपईच्या पाल्याचा रस. अण्णांच्या रिपोर्टात पेशी कमी आल्या आणि सारी आळी पपईची पानं घेऊन दारात. अण्णा तो कडूजहर रस डोळे मिटून प्यायचे.

डॉक्टरीणबाई वेगळंच सांगत होत्या. अशा रुग्णांचा त्या अभ्यास करत होत्या, म्हणून अण्णांचं रक्त त्यांनी पुण्याला पाठवलं होतं. "पेशी थोड्या आहेत, पण आहेत त्या चिडलेल्या आहेत. तशा खुणा रक्तात सापडल्यात. त्या एकमेकींना चिकटून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रक्ताची गाठ धरलीय. ती वाढली तर रक्त तुंबून अन्ननळीतल्या शिरा फुगून फुटतील. रक्त पातळ करायची गोळी चुकवू नका."

अण्णांनी मान डोलावली. गाडीत बसल्यावर मात्र म्हणाले, "शालन, पेशी कमी म्हंजे रगात आधीच पातळ. त्यात आणि पातळ करायचं? बाई शिकल्याली हाय, पर हितं चुकतीय." मी भांडले. "बघतो," म्हणाले. अण्णांचं "बघतो" म्हणजे नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पुढच्या तपासणीत पेशी थोड्या वाढल्या, तर वहिनींनी पेढे वाटले. अण्णांचं पोट तट्ट फुगत होतं, डोळे पिवळे दिसत होते, आणि आम्ही पेढे खात होतो...

ते गेल्यावर भेटायला आलेले सांगत होते, "बघा, रगात पातळच झालं हुतं. बरं झालं गोळी न्हाय घेतली." मला ओरडावंसं वाटलं, त्या गाठीनंच शिरा फोडल्या म्हणून. पण वहिनी शेजारीच बसल्या होत्या, आणि रोज रस काढून देणारे हात त्यांचेच होते.

अण्णांची एक सवय होती. सकाळी ओसरीतल्या बाजेवर बसून नडगीवर अंगठा दाबायचे आणि पडलेला खळगा भरतोय का ते बघत राहायचे. सूज असली की तो भरत नाही. परवा निरवांगीला गेले तेव्हा मी त्याच बाजेवर बसले, आणि नकळत माझा अंगठा माझ्याच नडगीवर गेला. दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला.

आतून वहिनींनी विचारलं, "वन्सं, च्या ठिऊ का?"

मी साडी पावलापर्यंत ओढून घेतली आणि म्हटलं, "ठेवा."