पुडीतलं नाव

मुरबाडच्या डोंगराकडच्या ठाकरवाडीत लडकू चाळीस वर्षं झाडपाल्याचं औषध देत होता, आणि पुडीत काय आहे हे त्यानं बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. औषधाचं नाव फुटलं की गुण जातो, हा त्याच्या बापाचा नियम. पानाची पुडी उंबऱ्यावर ठेवायची, बोटानं खूण करायची आणि न बोलता, मागं न बघता निघायचं. नियम कसला, हट्टच तो. पण लोकांना गुण येत होता, तेव्हा हट्टालाही मान होता.

फक्त कॉलेजच्या माधुरी मॅडमपुढे तो जरा सैल सुटायचा. दोन वर्षं ती त्याच्याबरोबर रान हिंडली. तो झाड दाखवी, ती डहाळी जुन्या वर्तमानपत्रात दाबून ठेवी आणि झाडाचं लॅटिन नाव सांगे. म्हाताऱ्याला ती नावं पाठ झाली. परक्या नावानं गुण जात नाही, असा निकाल त्यानं आपला आपणच लावून टाकला. पळसाच्या लॅटिन नावाचा अर्थ ‘एका बीचा’ असा आहे म्हटल्यावर पठ्ठ्या शेंग सोलून खात्री करून आला होता.

गेल्या श्रावणात त्याच्या सुनेचे, रखमीचे, दिवस भरले आणि कळा येईनात. लडकूनं कळलावीचा कंद वाटला. तो तळपायाला चोळायचा. पोटात गेला तर विषच. त्यानं पुडी उंबऱ्यावर ठेवली, पायाकडे बोट दाखवलं आणि निघाला. रखमी चुलीकडे तोंड करून बसली होती, खूण तिनं पाहिलीच नाही. तापाची पुडी ती पाण्यात कालवून प्यायची, तशी हीही प्यायली.

दुपारपर्यंत उलट्या-जुलाबांनी ती गळून गेली. लडकूचा मुलगा संजू बायकोला आणि बापाला जीपमधून दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर लांबचा, नवा. पुडीत काय होतं, हे तो पुन्हापुन्हा विचारत राहिला. लडकू गप्प. मूल अजून पोटात होतं. नाव फुटलं तर ते सुटायचं नाही, ही त्याची भीती. संजूनं पाय धरले.

“बा, नाव सांग. ती मरंल.”

असला नियम त्याच क्षणी चुलीत घालायचा. पण ज्याच्यावर सारा जन्म काढला, तो म्हाताऱ्याला एका दुपारीत सोडवेना.

दिवेलागणीला मेलेलं मूल जन्मलं, तेव्हा लडकूनं तोंड उघडलं. वाडीतलं नाव डॉक्टरला कळेना. मग त्यानं मॅडमनं शिकवलेलं सांगितलं, ग्लोरिओसा सुपर्बा. डॉक्टरनं मोबाइलवर शोधलं आणि त्याचा चेहरा उतरला. ठाण्याला नेताना रखमी वाटेतच गेली.

दिवसकार्य झाल्यावर माधुरी मॅडम भेटायला आली. संजूनं दवाखान्याचा कागद तिच्यापुढे धरला आणि त्यावरच्या त्या दोन शब्दांचा अर्थ विचारला. मग ती हळूच म्हणाली, “वैभवाची, देखणी. फुलावरून ठेवलंय, दादा.”

संजूनं कागदाची घडी केली. कोपऱ्यातून लडकूचा आवाज आला.

“तू पाय धरलास ना रे, तवा दोनी नावं, आपलं न् मॅडमचं, माझ्या तोंडात होती.”