हायब्रिड घ्यायची, पण रोजचं रनिंग किती?

मंडळी, आज सकाळी बायकोला घेऊन हायब्रिड गाडी बघायला गेलतो. टेस्ट ड्राइव्ह झाली. गाडी झकास, सिग्नलला तर आवाजच नाही.

सेल्समनला विचारलं, "एवढे जादा पैसे घालून फायदा हाय का?"

माणूस सरळ होता. म्हणाला, "पावणं, रोजचं रनिंग असंल तरच घ्या. दारात उभी करायची असंल तर साधी पेट्रोल बरी."

मी लगेच म्हणालो, "रोज हाय की. कसबा बावडा ते कागल, जाऊन-येऊन. आईकडनं म्हशीचं दूध आणायला."

बायकोनं हळूच माझा हात धरला. "अहो, म्हस विकली की आपण."

आईला जाऊन दोन महिने झालेत. बायकोनं आईचं नाव घेतलं नाही, म्हशीचं घेतलं.

दूध आमच्या गल्लीतही मिळतं. तरी एवढी वर्षं रोज संध्याकाळी किटली घेऊन कागल गाठायचो. ती किटली अजून जुन्या गाडीच्या डिकीतच आहे.

गाडी काही बुक केली नाही. आता साधी पेट्रोलसुद्धा दारातच उभी राहील.

तुमचं रोजचं रनिंग कुणासाठी आहे, सांगा.