आकडा परत म्हणा

काका गेल्याचं काकूच्या फोनवरून कळलं. मी अकोल्याहून अमरावतीला पोचेपर्यंत राजापेठेत फलकही लागला होता... काकांचा फोटो आणि खाली ‘आमच्या संस्थेचे आधारस्तंभ’. याच संस्थेनं दोन वर्षांपूर्वी त्यांना घरी बसवलं होतं. ते फलकावर नव्हतं.

मनोहरकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, तेल्हाऱ्याचे. वडील मोर्च्यांची पत्रकं लिहायचे, मी त्यांच्या घड्या घालत मोठी झाले. काका मात्र हवाई दलात वायरलेसवर गेले. निवृत्तीनंतर राजापेठेतल्या त्या क्लासमध्ये ते वैमानिक व्हायला निघालेल्या मुलांना रेडिओवर बोलायला शिकवू लागले. तोंडासमोर स्टीलचा पेला धरायचा, तोच माइक. प्रत्येक आकडा सुटा म्हणायचा. खरखरीतही नीट पोचावा म्हणून तीनाला ‘ट्री’, पाच आणि नऊ एकमेकांत मिसळू नयेत म्हणून ‘फाइफ’ आणि ‘नाइनर’. हा जगभरचा नियम. ऐकणाऱ्यानं आकडा जसाच्या तसा परत म्हटला, तरच तो पोचला. घरीही तेच. काकूनं “तीन पोळ्या वाढू?” विचारलं की काका म्हणत, “ट्री पोळ्या, बरोबर.” काकू वैतागायची, “तुमी जेवाले बसले का उडाले?”

एक दिवस संस्थेचे नवे संचालक वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. नंतर काकांना बोलावून म्हणाले, “सर, तुम्हाला साधं थ्री म्हणता येत नाही. जिभेचं गावठी वळण जात नाही हो.” काकांनी नियमांचं पुस्तक उघडून समोर ठेवलं. संचालकांनी ते न बघताच मिटलं. महिनाअखेरीस काका घरी. त्यांनी हातानं लिहिलेल्या वह्या मात्र संस्थेनं ठेवून घेतल्या. त्यांच्या झेरॉक्स आजही तिथं वाटल्या जातात.

मी रागानं पत्रक लिहिलं, मोठमोठ्या अक्षरांत. काकांनी ते वाचून घडी घातली.

“काहून बोंबलून राहिली, पोरी? वायरलेसवर ओरडलं की आवाज फाटते. सपाट सांगा लागते. समोरच्यानं परत नाही म्हटलं, त पुन्हा सांगा लागते.”

“मग तुम्ही का नाही पुन्हा सांगितलं?”

“सांगतलं ना, दोनदा. तिसऱ्या खेपेले वाचमननं गेटच नाही उघडलं.”

ते हसले नाहीत. त्यानंतर पेला फळीवर उपडा राहिला. जेवताना काका फक्त “दे दोन” म्हणू लागले.

शोकसभा संस्थेच्याच सभागृहात झाली. संचालक काकांच्या ‘शुद्ध उच्चारांच्या आग्रहा’बद्दल गहिवरून बोलले. मी ओरडले नाही. उभी राहून सपाट आवाजात म्हणाले, “काका ‘ट्री’ म्हणतात म्हणून तुम्ही त्यांना काढलंत. ‘ट्री’ बरोबर होतं. एवढं परत म्हणा.”

संचालकांनी घड्याळाकडे बघितलं. मग माइक जवळ ओढून म्हणाले, “आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या.”

सगळे उभे राहिले... मान खाली घालून, शिस्तीत.

निघताना काकूनं तो पेला माझ्या पिशवीत टाकला. आता तो अकोल्यात माझ्या टेबलावर असतो. काठाला काकांच्या अंगठीनं पडलेला चरा आहे. उत्तर आलं नाही तर पुन्हा सांगायचं असतं.

काका ‘ट्री’ म्हणतात म्हणून तुम्ही त्यांना काढलंत. ‘ट्री’ बरोबर होतं.

हे दुसऱ्यांदा.