बिनमुरकीचं कडवं

जर्मनीत ब्राउनश्वाइगला पीएचडी करत होते तेव्हा मी आमच्या वस्तीतल्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या गटात, गायचे. दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तीसेक माणसं जमायची, त्यांत भारतीय मी एकटीच. मी गाते आणि चांगलं गाते, हे सांगताना मला कधीच संकोच वाटला नाही. सांगलीला माझे बाबा गाण्याचे क्लास घेत आणि मी त्यांच्यापाशी पंधरा वर्षं शिकले होते. त्यामुळे वसंतातल्या कार्यक्रमात एका गाण्याचं पहिलं कडवं एकटीनं म्हणायला कॉयरच्या बाईंनी मला निवडलं, तेव्हा आश्चर्य वगैरे काही वाटलं नाही. उलट, जरा उशीरच केला यांनी, असं वाटलं.

गाणं शेकर नावाच्या जुन्या अमेरिकन पंथाचं. ही माणसं शेती करायची, साध्या खुर्च्या बनवायची, लग्नाच्या भानगडीत पडायची नाहीत आणि प्रार्थनेला नाचायची. साधं राहावं, एवढंच ते गाणं सांगतं. पंथात आता बोटांवर मोजण्याइतकीच माणसं उरलीत, असं बाई म्हणाल्या. गाणं मात्र आमच्या कॉयरमधल्या निम्म्या लोकांना शाळेपासून पाठ होतं.

चाल इतकी सोपी की मला ती दोन मिनिटांत आली. आली म्हटल्यावर मी तिला सजवायला घेतलं. इथे मुरकी, तिथे मींड, शेवटी एक छोटीशी तान. गाणं जसंच्या तसं म्हणणं म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याला नुसतं पाणी देऊन वाटेला लावणं, अशी माझी समजूत.

बाईंनी पियानो थांबवला. "हं, सुंदर. आता हे सगळं काढून गा."

"सगळं?"

"गेनाऊ, अगदी. सगळं."

माझं डोकंच फिरलं. गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हणत मी सरळ गायले, आणि पहिलाच लांब सूर हलला. पुन्हा गायले, पुन्हा हलला. आजवर असा सूर आला की मी चटकन मुरकी घेऊन पुढे सटकायचे, हे मला त्या दिवशी कळलं. या गाण्यात सटकायला जागाच नव्हती. ते इतकी वर्षं का टिकलं, याचं मला तेव्हापासून नवल वाटेनासं झालं.

तीन आठवडे मी स्वयंपाकघरात तानपुऱ्याचं ॲप लावून ते एक कडवं घोटलं. त्यातच बाबा दोन महिन्यांसाठी माझ्याकडे आले, आणि माझी झोप उडाली. पंधरा वर्षं शिकवलेली मुलगी जर्मनीत येऊन बालवाडीसारखं गाते, असं त्यांना वाटलं असतं तर मला ते सोसवलं नसतं.

कार्यक्रमाला ते दुसऱ्या रांगेत बसले. त्यांना पाहून एक तरी मुरकी घ्यावी म्हणून गळा शिवशिवत होता. नाही घेतली. कडवं पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ गायले.

परतताना ट्राममध्ये बाबा खिडकीपाशी बसले. मीच म्हटलं, "अहो बाबा, सांगा ना, कसं झालं?"

"लहानपणी तुझा सूर डळमळायचा," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "काही केल्या स्थिर होईना. तो झाकला जावा म्हणून मी तुला इतक्या मुरक्या शिकवल्या. तुला कधी सांगितलं नाही."

मला राग यायला हवा होता. पण मी म्हटलं, "आणि आज?"

"आज कान लावून बसलो होतो, कुठे हलतोय का ते बघत. नाही हलला." मग ते माझ्याकडे वळून नीट बसले. "चाल सांग त्याची. मी मागून म्हणतो."

घर येईपर्यंत मी एकेक ओळ सांगत गेले आणि बाबा शिष्यासारखे मागून म्हणत गेले. इतकी ताठ मान करून मी आयुष्यात कुठे बसले नव्हते.