जवाई रुसना

नव्वदच्या दशकात मी सुरतेला बँकेत होतो. डिंडोलीतल्या एका मेकॅनिकशी माझ्या जुन्या मोटारीने गाठ घालून दिली. मी त्याला भाऊ म्हणायचो. इंजिनाचा बोल्ट जाम झाला की भाऊ पाना खाली ठेवून खुशीत ओरडायचा, "जवाई रुसना!" माणूस धुळ्याकडचा, रुसलेला जावई असा अहिराणीतच यायचा.

जावयावर जोर करायचा नाही, हा त्याचा नेम. तेल सोडायचं, चहा मागवायचा, आणि चहा संपेपर्यंत बोल्टाकडे बघायचंही नाही. एवढं करून बोल्टाचं डोकंच घासून गुळगुळीत झालं, तर त्यावर नट वेल्डिंग करायचा. "मानाची टोपी द्यावी लागीन," म्हणायचा. त्या नटाला पाना लावून बोल्ट फिरला, की "उना, उना!" म्हणजे आला.

एकदा त्याचा खरा जावईच गॅरेजात तोंड फुगवून बसला होता. बायकोला न्यायला आलेला, पण सासऱ्याच्या घरात पाय टाकेना. मेव्हण्याच्या लग्नात त्याला टॉवेल-टोपी द्यायची राहिली होती म्हणे. मी समजूत घालायला पुढे झालो, तर भाऊ कानात म्हणाला, "तेल सोडेल आहे, साहेब. पाना लावू नका." आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी तयार गाडी आणायला गेलो, तेव्हा जावई बायकोसकट रिक्षात बसत होता. डोक्यावर कोरी टोपी.

"उना?" मी हसून विचारलं.

"उना कसला, साहेब! पोरीला घेऊन गेला," भाऊ हसला आणि पाना घेऊन माझ्या गाडीखाली शिरला.

गाडी तर कालच दुरुस्त झाली होती.