डाव्या डब्यातला आवाज

मी कुरुंद्याच्या शाळेत शिक्षिका होते तेव्हाची ही गोष्ट. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नवरा नांदेडला नोकरीला, तो शनिवारी यायचा. बाकीचे दिवस भाड्याच्या दोन खोल्यांत मी आणि एक खरखरणारा रेडिओ.

माझा थोरला भाऊ हिंगोलीला एका कचेरीत कारकून होता. त्यानं नवी म्युझिक सिस्टिम घेतली आणि त्या भाऊबीजेला जुनी मला देऊन टाकली. टेपडेक, ॲम्प्लिफायर आणि गुडघ्याएवढे दोन लाकडी स्पीकरचे डबे. "घेऊन जा. एकटी राहतीस, तेवढंच करमंल," असं म्हणून त्यानं स्वतः ते जीपच्या टपावर दोरीनं बांधून दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर आठ दिवस शाळेत जो भेटेल त्याला मी भावाचं कौतुक सांगत सुटले होते.

सगळं जोडून पहिली कॅसेट लावली. उजवा डबा छान वाजला. डावीकडून मात्र पडसं झालेल्या माणसानं बोलावं तसा आवाज. तबल्याची थाप पडली की नुसती पत्र्यासारखी तडतड.

आधी वाटलं, कॅसेट खराब आहे. दुसरी लावली. डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. वायरींची टोकं ब्लेडनं खरवडून पुन्हा पिळली. मग डाव्या डब्याची वायर उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे लावून पाहिली. दोष ॲम्प्लिफायरचा असता तर आता तडतड उजव्या डब्यातून आली असती. ती डाव्यातूनच येत राहिली. म्हणजे बिघाड डब्यातच होता.

भावाला फोन केला. तो म्हणाला, "तुमच्या तिकडं लाईट कमी-जास्त होत असंल. माझ्याकडं बराबर वाजत होतं." मी विश्वास ठेवला.

पण कान ऐकेना. एका शनिवारी शाळा सुटल्यावर तो डबा मांडीवर घेऊन मी एसटीनं वसमतला गेले. बसस्टँडमागे एक म्हातारे चाचा रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी मागची फळी खोलली, आत पाहिलं आणि डबा माझ्याकडे वळवला.

मोठा स्पीकर जागेवर नव्हताच. त्या भोकावर पुठ्ठा चिकटवून मधोमध रेडिओतला तळहाताएवढा स्पीकर बसवला होता. समोरून जाळीचं कापड, त्यामुळे बाहेरून काही कळत नव्हतं. तळाशी कापडात गुंडाळलेला एक दगड होता.

"मोठ्या स्पीकरला मागं जड लोहचुंबक असतंय, बाई," चाचा म्हणाले. "ते काढलं की डब्बा हलका होतो. उचलणाऱ्याला कळू न्हाई म्हणून ह्यो दगड. कोणाकडून घेतला?"

दगडाभोवतीचं कापड मी सोडवलं. बाटलीहिरवा, बिनबाह्यांचा स्वेटर होता. डी.एड.ला असताना मी भावासाठी विणलेला. गळ्याशी सुटलेले दोन टाके मी काळ्या लोकरीनं ओवले होते, तेही तसेच होते.

"बाजारातून," मी म्हणाले.

"तुमाला फसवलं," चाचा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी हिंगोली गाठली. भाऊ जेवत होता. "दादा, डाव्या डब्यात दगड निघाला."

"दुकानवाल्यानं केलं असंल. मी बी जुनंच घेतलं होतं."

"आणि स्वेटर? तो बी दुकानवाल्याचाच का?"

त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनीच बोलल्या, "माझ्या भावाचा स्पीकर फाटला होता, त्याला यांनी एक काढून दिला. तुमाला तर फुकटच भेटलं ना ताई? काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिल्या?"

मी भावाकडे बघत होते. तो म्हणाला, "अगं, तुला काय कळणार असं वाटलं. तू काय, बातम्या ऐकणार."

हे त्यानं म्हणावं? लहानपणी जवळा बाजार गावात आठवडी बाजाराच्या दिवशी हॉटेलच्या भोंग्यावर गाणं लागलं की ते संपेपर्यंत आम्ही दोघं पिशव्या धरून उन्हात उभे राहायचो. दगडाचं मी एकवेळ सोसलं असतं. पण मला फरक कळणारच नाही, हे त्यानं आधीच धरून ठेवलं होतं. न जेवता निघाले.

नवऱ्यानं नांदेडहून त्याच मापाचा स्पीकर आणला. पुठ्ठा काढून मीच तो बसवला. एकेकटे दोन्ही डबे ठणठणीत वाजायचे, पण सोबत लावले की गाण्यातला भरीवपणाच नाहीसा व्हायचा. पुन्हा चाचांकडे गेले. त्यांनी सांगितलं तसा घरी येऊन बॅटरीचा सेल वायरींना क्षणभर टेकवून पाहिला. उजव्या स्पीकरचा कागदी पडदा पुढं सरकला, डाव्याचा आत गेला. माझ्या हातून वायर उलटी लागली होती, म्हणून दोन्ही डबे एकमेकांचा आवाज मारत होते. ती सुलटी केली आणि आवाज भरून आला.

चाचांना सांगायला गेले तर ते खूश झाले. मी मात्र कितीतरी दिवस गाणं ऐकूच शकले नाही. कॅसेट लावायची आणि डाव्या डब्याकडे कान देऊन बसायची, कुठं तडतडतंय का ते बघत. गाणं कधी संपलं ते कळायचंच नाही. पुढच्या भाऊबीजेला मी हिंगोलीला गेले नाही. त्यानंही बोलावलं नाही.

सहा-सात वर्षांनी आम्ही वसमतला घर बांधलं. भाऊ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. बैठकीत शेजारची दोन माणसं होती. टेप चालू होता. त्यानं थोडा वेळ ऐकलं आणि शेजाऱ्यांना म्हणाला, "मी दिलेली सिस्टिम आहे ही. बघा, अजून कशी वाजून राहिली!"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भावाच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता तो नजर चुकवेल, जरासा ओशाळेल, असं वाटलं होतं. तसं काहीच झालं नाही. तो मान डोलवत ताल धरून बसला होता. तो खोटं बोलत नव्हता. तो विसरला होता.

मी लग्नाला गेले, आहेर केला, फोटोत त्याच्या शेजारी उभी राहिले.